पुस्तक हाती, फोटो आपल्या गावचा: फोटो एडिटिंग घरबसल्या शिकताना

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. त्या रात्री काढलेला एखादा फोटो संगणकावर उघडून बघा. भगवे फेटे म्हणजे नुसते केशरी डाग, कापडाची एक चुणीसुद्धा दिसत नाही. हॅलोजनच्या बाजूचा गाल पिवळा, एलईडीच्या बाजूचा निळसर. आता फोटो एडिटिंगचं कुठलंही पुस्तक उघडा. त्यात बर्फाचा डोंगर असतो, निळा समुद्र असतो, गोरीपान मॉडेल असते. त्या फोटोंसाठी लिहिलेले आकडे आपल्या मिरवणुकीच्या फोटोवर तसेच टाकले की फोटो आणखी बिघडतो. मग शिकणारा पुस्तक मिटतो आणि म्हणतो, पुस्तक वाचून हे येत नसतं.

येतं. मी तसंच शिकले. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज बेळगावला क्लासला जाणं घरच्या कामातून जमण्यासारखं नव्हतं, आणि पावसाळ्यात तर एसटीचा भरवसा नसायचा. आज मी घरी बसून फोटोग्राफरांचे लग्नाचे अल्बम लावते आणि लोकांचे जुने फोटो दुरुस्त करते. या वाटेवर माझा वेळ कुठं फुकट गेला आणि कुठं कारणी लागला, ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमानं लिहिते आहे.

आधी सॉफ्टवेअर ठरवा

पुस्तक घ्यायच्या आधी हे ठरलं पाहिजे. दोनच नावं लक्षात ठेवा. पहिलं फोटोशॉप. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी ते बनवलं आणि अडोबी कंपनीनं १९९० साली बाजारात आणलं. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्यानं मिळतात, म्हणजे महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरत राहायचे. दुसरं जिंप. ते पूर्ण मोफत आहे, कायदेशीर आहे आणि साध्या संगणकावरही चालतं.

माझं मत विचाराल तर शिकायला जिंप घ्या. पुढं स्टुडिओत नोकरी करायची असेल तर मात्र फोटोशॉपकडे जावंच लागेल, कारण अल्बमच्या तयार डिझाइन फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये येतात. जिंप पीएसडी उघडतं, पण त्यातलं सगळं जसंच्या तसं येत नाही. पेन ड्राइव्हवर फिरणारी चोरीची कॉपी घेऊ नका. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्याबरोबर व्हायरस आला की गिऱ्हाइकांचे फोटो जातात, आणि कुणाच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

पुस्तक कसं निवडायचं

बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत, हिंदीत बरीच आणि मराठीतही काही मिळतात. मराठीच पाहिजे म्हणून अडून बसू नका. बेळगाव हे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं गाव, आसपास इंजिनिअरिंगची पोरं भरपूर. त्यांची जुनी संगणकाची पुस्तकं रद्दीत जातात. तिथं नजर ठेवलीत तर चांगलं पुस्तक किलोच्या भावात मिळून जातं.

दुकानात उभ्या उभ्या एवढं करा. पहिली पानं उलटून पुस्तक कुठल्या आवृत्तीवर आहे आणि कुठल्या साली छापलंय ते बघा. मागं सूची आहे का बघा. सूची नसलेलं पुस्तक शिकताना फार छळतं, कारण अडलं की शोधायचं कुठं? मग मधलं कुठलंही पान उघडून एक धडा वाचा. ‘हा स्लाइडर ३० वर न्या’ एवढंच लिहिलं असेल तर ठेवून द्या. ‘सावलीतला तपशील दिसू लागेपर्यंत न्या, तो आकडा इथं ३० आला’ असं कारण दिलेलं असेल तर घ्या. आकडा लेखकाच्या फोटोचा असतो. कारण मात्र आपल्या फोटोलाही लागू पडतं.

शंभर जादू, हजार करामती असली पुस्तकं सुरुवातीला नकोत. अक्षरांना आग लावायला येते, पण उन्हात काळवंडलेला चेहरा उजळता येत नाही, अशी गत होते. लेअर, मास्क, लेव्हल्स आणि कर्व्हज या चार गोष्टींना स्वतंत्र प्रकरणं दिलेलं पुस्तक शोधा. लेअर आणि मास्क म्हणजे काय ते पुढं येतंच; लेव्हल्स आणि कर्व्हज फोटोतला उजेड-अंधार कमीजास्त करायला.

पुस्तक जुनं, सॉफ्टवेअर नवं

पुस्तकावरून शिकणारे सगळ्यात जास्त इथं अडखळतात. पुस्तकात लिहिलंय तसंच केलं तरी तसं होत नाही, आणि माणूस स्वतःला दोष देतो. दोष बहुतेक वेळा आवृत्तीचा असतो.

फोटोशॉपच्या जुन्या पुस्तकात लिहिलेलं असतं की चित्र लहान-मोठं करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडणार नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून हे उलटं झालं. आता शिफ्ट न दाबता प्रमाण टिकतं आणि शिफ्ट दाबली की बहुतेक ठिकाणी मोडतं. मी जुन्या सवयीनं एका नवरदेवाला चांगलाच रुंद करून ठेवला होता, आणि अल्बम छापायला जायच्या आदल्या रात्री ते ध्यानात आलं. तसंच कंट्रोल-झेडचं. पूर्वी ते एकच पाऊल मागं जायचं, आणखी मागं जायला कंट्रोल, ऑल्ट आणि झेड असं तिन्ही दाबावं लागे. त्याच आवृत्तीपासून नुसतं कंट्रोल-झेड दाबत राहिलं की एकेक पाऊल मागं जाता येतं.

जिंपचं पुस्तक २०१२ च्या आधीचं असेल तर त्यातल्या चित्रांत तीन सुट्या खिडक्या दिसतील. २.८ आवृत्तीपासून सगळं एका खिडकीत ठेवायची सोय आली. आणखी एक बदल तेव्हाच झाला, तो नवख्याला हमखास गोंधळात टाकतो. आता ‘सेव्ह’ केलं की जिंपची स्वतःची एक्ससीएफ हीच फाइल तयार होते. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, पाहिजे तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. जुनं पुस्तक जेपेगसाठीही सेव्हच करायला सांगतं.

पुस्तक फोटोशॉपचं आणि हातात जिंप, अशीही वेळ येते. माझी आली होती. अशा वेळी पुस्तक टाकून देऊ नका, पहिल्या पानाला एक चिठ्ठी चिकटवा. फोटोशॉपमध्ये ब्रशला बी, जिंपमध्ये पी. क्रॉपला तिकडे सी, इकडे शिफ्ट आणि सी. क्लोन, म्हणजे एका जागेचा नमुना उचलून दुसरीकडे छापायचं हत्यार, तिकडे एस, इकडे सी. डाग पुसायचं हीलिंग तिकडे जे, इकडे एच. क्लोन करताना नमुना उचलायला तिकडे ऑल्ट दाबून क्लिक करायचं, इकडे कंट्रोल दाबून. लेव्हल्स आणि कर्व्हज फोटोशॉपच्या ‘इमेज’ मेनूतल्या ‘अ‍ॅडजस्टमेंट्स’खाली सापडतात, जिंपमध्ये थेट ‘कलर्स’ मेनूत. डी दाबला की रंग काळा-पांढरा होतो आणि एक्स दाबला की दोन्ही अदलाबदल होतात, हे मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

शब्दांची वही

मराठी माध्यमात शिकलेल्यांना मेनूतल्या इंग्रजीची भीती वाटते. शब्द मोजून बघा, रोज लागणारे पन्नास-साठच आहेत. एक वही करा. डाव्या बाजूला मेनूतला शब्द, मध्ये तो कुठं सापडतो ते, आणि उजवीकडे तो वापरल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसलं ते, आपल्या शब्दांत. शब्दकोशातला अर्थ लिहू नका. ‘ओपॅसिटी’पुढं मी लिहिलंय: ‘कमी केली की खालचं दिसतं, नऊवारीवर मलमल टाकल्यासारखं.’

‘लेअर’ मला कळला तो नक्षी छापायच्या बटर पेपरवरून. मूळ चित्र खाली, त्यावर पारदर्शक कागद, जे काही गिरवायचं ते कागदावर. कागद काढला की मूळ चित्र जसंच्या तसं. ‘मास्क’ त्याहून थोडा अवघड. पण एकच वाक्य पाठ करा: मास्कवरचं पांढरं दाखवतं, काळं झाकतं. खोडरबरानं पुसलं की गेलं ते गेलं. मास्कवर काळा ब्रश मारला तर पांढऱ्यानं परत आणता येतं. म्हणून पुस्तकात जिथं जिथं खोडरबर वापरायला सांगितलंय, तिथं मी मास्कच वापरते.

एक धडा तीनदा

पहिल्यांदा संगणक बंद ठेवून धडा वाचा. पडवीत बसून, चहा घेत, कादंबरी वाचतो तसा. डोक्यात एवढंच पाहिजे की लेखक कुठून निघाला आणि कुठं पोचला. दुसऱ्यांदा संगणकासमोर पुस्तक उघडं ठेवून, त्यांच्याच फोटोवर करा. पुस्तकाबरोबर सीडी असायची किंवा लेखकाच्या वेबसाइटवर फाइल असतात. नसल्या तर साधारण तसाच फोटो घ्या. तिसऱ्यांदा पुस्तक मिटून, आपल्या फोटोवर.

खरं शिक्षण या तिसऱ्या वेळेला होतं आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. आपल्या फोटोवर पुस्तकातला आकडा चालत नाही, म्हणून आकडा का होता याचा विचार करावाच लागतो. दिवसाला एक धडा पुरे. पाच धडे वाचून झाले आणि एकही हातानं केला नाही, यात मला काही अर्थ वाटत नाही. आमच्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवयही याच दिवसांत लावून घ्या.

प्रकरणांचा क्रम पुस्तकात असेल तसाच धरायची गरज नाही. आधी क्रॉप आणि फोटोचा आकार, मग लेव्हल्स, कर्व्हज, रंगांचा समतोल. त्यानंतर लेअर आणि मास्क. मग क्लोन आणि हीलिंग. शार्पन शेवटी. फिल्टरचं प्रकरण वर्षभर उघडलं नाही तरी काही अडत नाही.

पहिला सराव: पासपोर्ट फोटो

हा साधा आहे, लगेच उपयोगी पडतो आणि आकार व रिझोल्यूशन कायमचं डोक्यात बसवतो. नेहमी लागणारा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. छपाईला इंचात ३०० पिक्सेल धरले तर तो साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. ४ बाय ६ इंचाच्या कागदावर, म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेलमध्ये, कागद आडवा धरून चार-चारच्या दोन रांगा बसतात. आठ फोटो. हे गणित एकदा कागदावर स्वतः करा. मग पुढं अल्बमची १२ बाय ३६ इंचाची शीट ३६०० बाय १०८०० पिक्सेलची का असते, ते कुणाला विचारावं लागत नाही. अर्जागणिक आकार बदलतो, तेव्हा अर्जावरची सूचना वाचूनच फोटो कापा. आपल्या भागात ती बरेचदा कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर शेजारी विचारा, अंदाजानं कापू नका.

दुसरा सराव: पावसातलं भातशेत

आमच्याच तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत काढलेला कुठलाही फोटो घ्या. डोळ्यांना हिरवंगार दिसलेलं फोटोत राखाडी, मळकट येतं. लेव्हल्स उघडलं की डोंगरासारखा आलेख दिसतो. डावं टोक शून्य म्हणजे काळं, उजवं टोक २५५ म्हणजे पांढरं. धुक्याच्या फोटोत सगळा डोंगर मध्येच गोळा झालेला असतो, दोन्ही टोकं रिकामी. पुस्तक म्हणतं, दोन्ही बाजूंचे त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत आत सरकवा. करून बघा. फोटो एकदम टवटवीत होतो आणि धुकं नाहीसं होतं.

पण आपल्याला धुकं घालवायचं होतं का? कणकुंबीचा पाऊस धुक्याशिवाय कसला? म्हणून मी काळा त्रिकोण अर्ध्यापर्यंतच नेते आणि पांढऱ्याला जवळपास हात लावत नाही. पुढच्या बांधावरच्या चिखलाला, कौलांना थोडा काळेपणा येतो आणि मागचा डोंगर धूसरच राहतो. फोटो बघणाऱ्याला त्या दिवशी तिथं काय वाटलं असेल ते ठरवायचं, मग स्लाइडर हलवायचा.

तिसरा सराव: माणसांचे चेहरे

पुस्तकांतले त्वचेचे आकडे बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात. ते आपल्या माणसांवर लावले की चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो. माझी कसोटी अशी आहे. चेहऱ्याच्या साध्या उजेडातल्या भागावर माउस नेऊन इन्फो पॅनेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे बघा. जिंपमध्ये त्यासाठी कलर पिकर आहे. माणूस कुठल्याही वर्णाचा असो, लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी, हा क्रम असतो. निळा हिरव्याच्या वर गेला की समजा, सावलीचा किंवा एलईडीचा रंग चढलाय. तो आधी काढा. त्यानंतर चेहरा अंधारात असेल तर उजेड वाढवा. रंग पांढरा करू नका.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘अक्का, पोरीला जरा गोरी करा की.’ मी तेव्हा फोटोतला उजेड नीट करून दाखवते, डोळ्यांत थोडी चमक आणते आणि विचारते, ‘बघा, आता तुमचीच पोरगी दिसते का नाही?’ बहुतेक वेळा माणसं त्यावर खूश होतात. सावळ्या पोरीला गोरी करून अल्बममध्ये चिकटवणं मला पटत नाही, आणि शिकणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून ती सवय लावून घेऊ नये असं मनापासून वाटतं.

आता मिरवणुकीच्या त्या फोटोकडे या. भगवा सपाट का झाला? लेव्हल्समध्ये वरचा चॅनेल, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतला एकेक रंग, बदलून फक्त लाल निवडा. आलेख उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला दिसेल. लाल रंग २५५ ला पोचला, त्यापुढं नोंदवायला जागाच उरली नाही, म्हणून चुण्या हरवल्या. जेपेगमधून त्या परत आणता येत नाहीत. कॅमेऱ्यानं काही न गाळता ठेवलेली रॉ फाइल असेल तर बऱ्याच अंशी येतात. पुढच्या वर्षी एक्सपोजर थोडं कमी ठेवा, एवढाच खरा उपाय. पिवळ्या-निळ्या उजेडासाठी एकाच फोटोचे दोन लेअर करा, एक पिवळेपणा काढलेला, दुसरा निळेपणा काढलेला, आणि मास्कनं दोन्हीतला आपापला भाग दाखवा. मास्कचं प्रकरण मला खऱ्या अर्थानं या फोटोवर कळलं.

मराठी अक्षरं तुटतात तेव्हा

हे परदेशी पुस्तकांत नसतं. फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की काही वेळा पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागं जाते, जोडाक्षरं सुटी होतात. २०२२ च्या आधीची आवृत्ती असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ या भागात जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिपींसाठी बदला. काही आवृत्त्यांत त्याचं नाव ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असं आहे. मग नवी फाइल उघडून टाइप करा. कन्नडचंही कोडं याच सेटिंगनं सुटतं, आणि आपल्याकडे बॅनरवर दोन्ही लिपी लागतातच. फॉन्ट युनिकोड असला पाहिजे. जिंपमध्ये बहुधा हा त्रास होत नाही.

जुने फोटो

आमच्या कौलारू घरांत दमट हवेनं भिंतीवरच्या फोटोंना बुरशी धरते. आजोबांचा एकच फोटो असतो आणि तो काचेला चिकटलेला. तो ओढून काढू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. काचेसकट स्कॅन करा किंवा खिडकीच्या तिरक्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइलनं सरळ वरून फोटो घ्या. सुटा फोटो असेल तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करा. २ बाय ३ इंचाचा फोटो ४ बाय ६ करायला एवढं लागतंच.

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. कारण सांगते. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत ठळक दिसतात आणि लालमध्ये सर्वांत पुसट. रंगीत स्कॅन उघडून एकेक चॅनेल बघा. लाल चॅनेलवरून काळा-पांढरा फोटो तयार केला की निम्मे डाग हात न लावता गेलेले असतात. उरलेले हीलिंगनं काढा, पण नव्या लेअरवर. डोळे, नाक, ओठ यांच्या कडांवर ब्रश अगदी लहान ठेवा. तिथं एक चुकीचा फटका बसला की आजोबा दुसऱ्याच कुणासारखे दिसायला लागतात, आणि घरच्यांना ते लगेच कळतं.

मूळ स्कॅन टिफ, म्हणजे सेव्ह करताना खराब न होणारी फाइल, करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. जेपेग बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं थोडं खराब होत जातं. काम एक्ससीएफ किंवा पीएसडीमध्ये करा, जेपेग फक्त शेवटी, लॅबला द्यायला.

छापून बघा

माझा पहिला अल्बम लॅबमधून आला तो काळपट. लॅबची चूक नव्हती. माझा मॉनिटर पूर्ण उजेडावर होता, त्यामुळं मला सगळं उजळ दिसत होतं. तेव्हापासून कुठलंही मोठं काम देण्याआधी त्यातलेच तीन फोटो ४ बाय ६ मध्ये छापून घेते: एक उन्हातला, एक हॉलमधला, एक रात्रीचा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत देते, लॅबनं वेगळं सांगितलं नसेल तर. प्रिंट हातात आली की ती घेऊन दिवसा खिडकीपाशी बसते, स्क्रीनशेजारी धरते आणि मॉनिटरचा उजेड दोन्ही सारखे दिसेपर्यंत खाली आणते. मग त्या बटणाला हात लावत नाही. प्रिंटच्या मागं तारीख आणि लेव्हल्सचे आकडे पेन्सिलनं लिहून ती त्या प्रकरणाच्या पानात ठेवते. माझ्या पहिल्या पुस्तकात अशा इतक्या प्रिंट जमल्यात की ते आता नीट मिटत नाही.